कोनाकडे आले?

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. नागपूर जिल्ह्यातलं असेल, शेजारच्या जिल्ह्यातलं असेल. गणेशपेठच्या स्टँडवरून सकाळची लालपरी धरली तर जेवणाच्या वेळेआधी पोचता येतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं, आपलं गाव नाही ना, मग झालं. आणि तिथे जे घडलं ते त्या एकाच गावात घडू शकतं, असं मला अजिबात वाटत नाही.

मला जुन्या विहिरींचा नाद आहे. आपल्याकडे कुठे पायविहीर म्हणतात, कुठे बावडी. रामटेकची कापूर बावडी किंवा दर्यापूर तालुक्यातली महिमापूरची सात मजली पायविहीर पाहायला लोक मुद्दाम गाड्या काढून जातात. माझं मन जास्त रमतं ते जिथे फलक नाही, तिकीट नाही, गाईड नाही, अशा विहिरींत. गावाच्या शिवेवर, मारोतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळाजवळ, कुण्या जुन्या मालगुजाराने नाहीतर त्याच्याही आधीच्या कुणी पुण्य म्हणून बांधलेल्या. साध्या विहिरीचं पाणी काढायला दोर लागतो, बादली लागते. म्हणजे ती घर असलेल्या माणसाची विहीर. पायऱ्यांची विहीर बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाटसरू असतो. त्याच्याजवळ दोर नाही, भांडं नाही, या गावात त्याचं कोणी नाही. तरी त्याला खाली उतरून ओंजळीने पाणी पिता यावं. अनोळखी माणसासाठी एवढा दगड घडवणारे लोक आपल्या मुलखात होऊन गेले, याचं मला फार अप्रूप वाटत आलं आहे.

मे महिना होता, नवतपा लागायचा होता. नागपूरच्या माणसाला ऊन सांगायला नको. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा बांधून, खांद्यावर बॅग घेऊन मी स्टँडवर उतरलो. माझ्यासोबत उतरलेल्या दोन बाया आपापल्या गल्लीत शिरल्या आणि बस वळून गेली. समोर पानठेला होता. बाकावर तिघे-चौघे बसून बोलत होते. मी जवळ गेलो आणि त्यांचं बोलणं थांबलं.

"कोनाकडे आले?"

कुठून आले, असं नाही विचारलं. गावात कोणाचं तरी दार माझ्यासाठी उघडं आहे का, हे त्यांना आधी हवं होतं. कोणाकडे नाही, मी म्हणालो, इथली जुनी विहीर पाहायची आहे.

"विहीर? पाहाले?"

"हो."

"काय हाय तिच्यात पाहाले?"

मी विदर्भातल्या जुन्या बांधकामांबद्दल काही बोललो. कोणी मान हलवली नाही. रस्ता विचारला तर एकाने हनुवटीने दिशा दाखवली. माझी बाटली संपत आली होती म्हणून बाजूच्या दुकानात पाणी मागितलं. "थंडं नाही." साधं चालेल म्हटलं. "साधंई नाही." दुकानदाराच्या मागे फ्रिज घुरघुरत होता आणि त्याच्या काचेतून बाटल्या दिसत होत्या. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या बॅगेकडे पाहत होता.

विदर्भातल्या माणसाला ही गोष्ट किती विपरीत वाटते, ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्याकडे कुरिअरवाला आला, मीटर वाचणारा आला, तरी उन्हाळ्यात आधी पाणी विचारतात. चौकाचौकांत पाणपोया लागतात, लाल कापड गुंडाळलेले माठ आणि रांजण, साखळीने बांधलेला पेला. पाण्याला नाही म्हणणारा माणूस मला तरी या मुलखात कधी भेटला नव्हता.

गल्लीतून चालताना दुपारचे बारा वाजत आले होते. कूलरचा आवाज, कुठेतरी टीव्ही. एका ओट्यावर तीन-चार वर्षांची पोर बाहुलीशी खेळत होती. तिची आई बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, पोरीचा दंड धरून तिला आत ओढलं आणि कडी लावली. पुढची दोन दारं मी पोचायच्या आधीच लागली. मागे मोटारसायकलचा आवाज येत होता. मी थांबलो की तो थांबायचा. वळून पाहिलं तर दोन तरुण, दोघांच्या तोंडाला दुपट्टे. चेहरा तर माझाही झाकलेला होता. तो सोडावा असं वाटलं आणि सोडला, पण त्याने काही फरक पडला नाही.

विहीर मात्र सुंदर होती. काळ्या दगडाची, उतरताना दोन कमानी, बाजूला कोनाडे. दुसऱ्या कमानीखाली उन्हाची धग एकदम संपली. खाली हिरवं, थोडं पाणी. बसून मी घडाईतले सांधे पाहू लागलो, फोटो काढू लागलो. मग एका कोनाड्यात लिंबू दिसलं, टाचण्या टोचलेलं, कुंकू अजून ओलसर. त्याच्या बाजूची भिंत उकरलेली होती. चार-पाच मोठे दगड काढून ठेवलेले, आत कमरेइतका खड्डा, आणि खणलेली माती ताजी. हे काय आहे ते माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

वर पाहिलं तर सगळ्यात वरच्या पायरीवर पाच-सहा माणसं उभी होती. सूर्य त्यांच्या मागे. कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

"वर या."

मी वर आलो. बाहेर पडायला तोच एक रस्ता होता. फोटो कायले काढून राह्यले, बॅगेत काय हाय, सोबत कोन हाय, गाडी कुठी लावली. एकाने मोबाइल हातातून घेतला आणि फोटो सरकवू लागला. खड्ड्याचा फोटो आला तसा त्याने तो सगळ्यांना दाखवला. मग त्यातला एक म्हातारा माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, "पायाळू हाव का तुमी?"

पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असा आपल्याकडे जुना समज आहे. गुप्तधन शोधणारे असा माणूस हुडकतात. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट. भर दुपारी, सहा माणसांच्या घोळक्यात, गंभीरपणे मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा माझे पाय खरंच थरथरले.

नाही, मी म्हणालो.

"नाव?"

मी नाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा."

मी वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. म्हाताऱ्याने मूळ गाव विचारलं, तेही सांगितलं. त्या गावचे अमुक तुमचे कोण, त्याने विचारलं. आजोबांचे चुलतभाऊ. आणि मग जे झालं ते मी आजही पचवू शकलेलो नाही. म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. "अरे, आधी काऊन नाही सांगितलं जी!" मोबाइल माझ्या हातात परत आला. कोणीतरी बॅग खांद्यावरून काढून घेतली, यावेळी उचलायला म्हणून. ज्या घराची कडी मी ऐकली होती त्याच घरातून तांब्याभर पाणी आलं, माठातलं, वाळ्याचा वास असलेलं. मी गटागटा प्यायलो. मग खुर्ची आली, चहा आला, तर्री-पोह्यांचा आग्रह झाला. ती बाहुलीवाली पोर माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

जात हा शब्द तिथे कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या अमावास्येला रात्री एक गाडी आली होती. सकाळी विहिरीत लिंबं, नारळ, उकरलेले दगड. आता पुन्हा तसंच. मांडुळाच्या नावावर फिरणारे येतात, दुतोंड्या साप मिळवून द्या म्हणतात. जमिनीचे दलाल येतात, ते तर फार गोड बोलतात. कुठून रस्ता जाणार, कुठे खाण निघणार, हे त्यांना आधी ठाऊक असतं आणि ज्याची जमीन आहे त्याला शेवटी कळतं. नागपूरच्या भोवती कोळसा आहे, धरणं आहेत, आता नवे महामार्ग आहेत. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले सोयरे इथे बऱ्याच घरांत आहेत. कोणीतरी वही घेऊन येतो, मोजतो, फोटो काढतो, निघून जातो. मग नोटीस येते. म्हातारा म्हणाला, "अनोळखी मानूस आला का आमचं काही ना काही जाते जी."

हे मला खरं वाटलं, आजही वाटतं. गुप्तधनाच्या नावावर या राज्यात माणसांचे जीव गेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत धनाच्या आणि पाण्याच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. ज्या बाईने पोरीला आत ओढलं ती वेडी नव्हती. तिला भिण्यासारखं बरंच काही होतं.

पण या भीतीची किंमत कोण मोजतं? १ जुलै २०१८ चा रविवार मला त्या बसमध्ये परतताना आठवत राहिला. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मोबाइलवर महिनाभर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची पाच माणसं तिथे आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हेच पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पाचही जणांना.

कोनाकडे आले, या प्रश्नाला त्यांच्याकडे कधीच उत्तर नसतं. त्यांचं जगणंच मुळी कोणाकडे नसताना गावात शिरण्यावर उभं आहे. माझ्याकडे उत्तर होतं, फक्त मला ते सांगायचं सुचलं नव्हतं. आजोबांचे चुलतभाऊ! मी त्या गृहस्थांना कधी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या नावाने माझा मोबाइल परत आला आणि घशात पाणी उतरलं.

आणि मग मसूर. साल १९०१. साताऱ्याहून चार पोरं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली: नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे निघालेली. निरोपाचा घोळ झाला आणि न्यायला कोणी आलं नाही. अंगावर नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरला वाटलं चांगल्या घरची मुलं आहेत, त्याने आपुलकीने चौकशी केली. कोण तुम्ही? आम्ही महार, पोरगा सहज बोलून गेला. मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवान दुप्पट पैशालाही गाडीत त्यांच्यासोबत बसायला तयार होईनात; शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. शिदोरी भरपूर होती, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून भीमरावाने आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. डोंगरावर पाणी आहे, तिकडे जा, असं उत्तर आलं. पोरं शिदोरी जवळ असून उपाशी झोपली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी ते पूर्वी वाचलं होतं. पण त्या गावाहून आल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट टोचली. मसूरला माणसं आधी प्रेमाने बोलली आणि नाव कळल्यावर दूर झाली. माझ्याशी आधी वैऱ्यासारखं वागली आणि नाव कळल्यावर जवळ आली. एकशेवीसहून जास्त वर्षं मध्ये गेली, तरी दार त्याच बिजागरीवर फिरतं आहे. मला ते माझ्या बाजूने उघडलेलं दिसलं, एवढंच.

माझे एक मित्र आहेत, वयाने मोठे, नोकरीत बरोबर होते, उत्तर नागपुरात राहतात. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "विहिरीत उतरलेच काऊन तुम्ही?"

मला प्रश्न कळला नाही.

"आम्ही अनोळखी गावात विहिरीजवळ जात नाही," ते म्हणाले. "लहानपणी माय सांगत होती. गावात पाहुणा म्हणून गेलं का घरातलं पाणी प्यायचं, विहिरीकडे पाहाचंई नाही. आजही माझ्याच्यानं जाणं होत नाही. पाय अडते."

महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली गेली. दादांचं बालपण त्यानंतर चाळीस वर्षांनी सुरू झालं आणि तरी त्यांच्या मायला हे शिकवावं लागलं. सरकारी नोकरीत दौऱ्यावर असताना पाण्याची बाटली त्यांच्या हातून कधी सुटली नाही, हे मी कितीदा पाहिलं होतं. पोटाचं काही असेल असं मला वाटायचं. कोणी पूर्ण नाव विचारलं तर ते फक्त पहिलं नाव आणि "नागपूर" सांगतात. पुन्हा विचारलं तर पुन्हा "नागपूर".

ज्या पायऱ्यांचं मला इतकं अप्रूप होतं त्या मी आता तशा पाहू शकत नाही. दगड घडवणाऱ्याच्या मनात वाटसरू होता हे खरं. पण त्याच्या मनातल्या वाटसरूलाही एक आडनाव होतं. ज्याचं ते नव्हतं तो वरच उभा राहायचा, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ओंजळ धरून. विहिरी पाहणं मी सोडणार नाही. त्यांची तारीफ लिहिताना मात्र हे लिहायचं राहता कामा नये.

हे गावाचं झालं, आणि शहराला नावं ठेवायची सवय मला नाही, पण नागपूरही यातून सुटत नाही. खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या पोरांना विचारा. फोनवर खोली रिकामी असते. भेटीत आडनाव विचारलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्याला दिलेली असते. शिकलेली माणसं, सुसंस्कृत वस्त्या. तिथे कोणी मोटारसायकलवर मागे येत नाही, हसून नाही म्हणतात.

आणि याच नागपुरात वर्षातले दोन-तीन दिवस मी वेगळंही पाहतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला लाखो माणसं दीक्षाभूमीला येतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, पार तेलंगणा-उत्तर प्रदेशातून. रेल्वेच्या फलाटावर, फुटपाथवर, शाळांच्या पटांगणांत झोपतात. एवढी अनोळखी माणसं एकाच वेळी कोणत्याही गावावर आली तर त्या गावाने काय केलं असतं, असं मला हल्ली वाटतं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंडप लागतात. मसालेभात, पुरी-भाजी, बुंदी, पाणी. दादा आणि त्यांच्या वस्तीतले लोक दरवर्षी असाच एक मंडप टाकतात. गेल्या दसऱ्याला मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत पाणी वाटायला उभा राहिलो. हात पुढे येत होते, पेले भरले जात होते. कोणी कोणाला नाव विचारत नव्हतं. विचारायला सवड नव्हती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी, कुठे ना कुठे, पाण्याआधी नाव विचारलं गेलेलं आहे. पेला भरणाऱ्यांनाही ते माहीत आहे.

त्या गावातला म्हाताऱ्याचा मुलगा माझा नंबर घेऊन ठेवून होता. सणावाराला त्याचे निरोप येतात. थंडीत त्याने विहिरीचे फोटो मागितले. ग्रामपंचायतीने साफसफाई करायची ठरवली आहे, उकरलेले दगडही परत बसवायचे आहेत, ते आधी कसे होते ते पाहायला हवे. मी फोटो पाठवले. त्याने लिहिलं, आता जेवायलेच या. मी लिहिलं, येईन, सोबत एक मित्र असतील.

"कोन जी? नाव काय त्यायचं?"

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग दादांना फोन दाखवला. ते येतील की नाही हेही मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून ते वाक्य वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "पूर्ण नाव लिहा. आडनावासकट."

लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "या. एप्रिलमधी या, पानी उतरलं का खालच्या पायऱ्या दिसते."

दादांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाऊ ना. पण पाणी आपलंच घेऊ."